आधी पुसायचं, मग लिहायचं?

गेले दोन वीकांत इथे काही लिहिलं नाही. एरवी कारण आळस हेच असतं, पण या वेळी तसं नव्हतं. माझ्या हातून एक घोळ झाला होता आणि तो निस्तरल्याशिवाय (निस्तरला असं अजूनही म्हणवत नाही, पण असो) लिहायला बसवत नव्हतं. आज सांगून टाकतो. मामला थोडा टेक्निकल आहे, पण ज्यांनी आयुष्यात एकदा तरी 'सेव्ह' दाबलंय त्या सगळ्यांचा आहे.

तर झालं असं...

आमचे बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. ३४ वर्षं रजिस्टरं भरली. रिटायर झाल्यावर काही महिने पेपर दोनदा वाचून झाला, आईला फोडणीबद्दल सूचना देऊन झाल्या, आणि एक दिवस आईचा मला पुण्याला फोन आला, "अरे, ह्यांना काहीतरी उद्योग दे बाबा." मी माझा जुना लॅपटॉप त्यांना दिला, मराठी कीबोर्ड चालू करून दिला आणि म्हटलं, "बाबा, तुमच्या आठवणी लिहा." मला वाटलं आठवडाभर टिकेल.

बाबा एका बोटाने टाईप करतात. पण रोज सकाळी नऊ ते अकरा, हजेरीपटावर सही केल्यासारखे बसतात. नोटपॅडमध्ये एकच फाईल. आटपाडीकडचं गाव, विहीर, शाळेचे मास्तर, पहिली नेमणूक. फाईल १८० केबीची झाली होती. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे साधारण साठ हजार चिन्हं. नऊ-दहा हजार शब्द. एका बोटाने.

मी घरी गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "अरे, ते शब्दांच्या मध्ये दोन-दोन स्पेस पडल्यात. पूर्णविरामाच्या आधीपण पडल्यात. एकेक काढत बसलोय." आता इंजिनिअर मुलगा घरात असताना बापाने एकेक स्पेस काढायची म्हणजे काय! मी म्हटलं, "द्या इकडे, दोन मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य ज्यांनी ज्यांनी उच्चारलंय त्यांना पुढचं समजलं असेल.

पायथनमध्ये सहा ओळी लिहिल्या. फाईल वाचायला उघड, मजकूर घे, जादा स्पेस काढ, तीच फाईल लिहायला उघड, मजकूर लिही. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे छोट्या फाईलवर करून बघितलं. झकास चाललं. मग तीच स्क्रिप्ट बाबांच्या विंडोजवर चालवली. लाल अक्षरांत एरर आली. अमुक अक्षर एन्कोड करता येत नाही वगैरे.

मी शांत होतो. एरर आली म्हणजे काम झालं नाही, एवढंच ना? दुरुस्त करून परत चालवू. सहज म्हणून फाईल उघडली.

"काय रे, काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. आणि ते शब्दशः खरं होतं. फाईलमध्ये काही नव्हतं. शून्य बाइट.

कोडमध्ये काय झालं ते सांगतो. वाचताना मी एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं होतं. लिहिताना विसरलो. न सांगितल्यास पायथन त्या मशिनच्या सेटिंगमधलं एन्कोडिंग उचलतो. लिनक्सवर ते बहुतेक वेळा यूटीएफ-८ असतं. बाबांच्या विंडोजवर ते निघालं सीपी-१२५२, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेला जेमतेम अडीचशे चिन्हांचा तक्ता. त्यात 'अ' नाही. 'ळ' तर नाहीच नाही. त्यामुळे पहिल्याच देवनागरी अक्षराला पायथनने हात वर केले.

हा झाला चुकीचा एक भाग, आणि तो सुधारतोय. यापुढे यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट धरायचं असं २०२२ मध्ये पायथनवाल्यांनी ठरवलं, आवृत्ती ३.१५ पासून. चांगलं झालं. पण माझं नुकसान एन्कोडिंगने केलं नाही. एन्कोडिंगची चूक झाल्यावर एरर आली, ती यायलाच हवी होती. नुकसान त्याच्या आधीच्या पायरीवर झालं होतं. फाईल 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडली की उघडल्याक्षणी ती रिकामी होते. लिहायला सुरुवात करण्याआधीच. नवीन मजकूर लिहिता येईल का, डिस्कवर जागा आहे का, प्रोग्रॅम मध्येच मरणार तर नाही ना, यातलं काहीही न विचारता जुना मजकूर गेलेला असतो. हे वागणं सी भाषेतल्या एफओपनकडून आलंय, आणि त्यानंतरच्या कितीतरी भाषांनी ते जसंच्या तसं घेतलंय. अगदी पायथनच्या पाथलिबमध्ये 'राईट टेक्स्ट' नावाचं सोज्वळ फंक्शन आहे, तेसुद्धा आतून हेच करतं.

रिसायकल बिनमध्ये काही नव्हतं, कारण फाईल डिलीट झालीच नव्हती. नोटपॅड बंद केलेलं, म्हणजे अनडू नाही. रात्रभर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं, एसएसडीवरून एक तुकडा मिळाला नाही. शेवटी ताई आठवली. दिवाळीत बाबांनी तिला फाईल मेल केली होती. ती मिळाली. म्हणजे गेली ती मधल्या काळात लिहिलेली दोन प्रकरणं. एक पहिल्या नेमणुकीचं आणि एक ७२ च्या दुष्काळाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला मी सगळं कबूल केलं. बाबा चिडले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारली.

"म्हणजे तुमचं ते यंत्र आधी पुसतं आणि मग लिहितं?"

"हो."

"आणि लिहिता नाही आलं तर?"

"तर... पुसलेलं राहतं."

बाबांनी बशी खाली ठेवली. "आमच्याकडे असं केलं असतं ना, तर मेमो मिळाला असता. रजिस्टरमधली नोंद चुकली तर खोडरबर लावायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर नवीन लिहायचं, शेजारी सही. नवीन नोंद होईपर्यंत जुनी नोंद हीच नोंद."

मी गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहितोय. याच्याइतकं सुटसुटीत स्पेसिफिकेशन मी वाचलेलं नाही. नवीन नोंद होईपर्यंत जुनी नोंद हीच नोंद.

सोमवारी ऑफिसात हे सांगितलं तर शेजारचा म्हणाला, "बॅकअप घेतला नाहीस ही तुझी चूक. लायब्ररी काय करणार? लायब्ररीने ऑपरेटिंग सिस्टिम जे देते ते निमूटपणे पुढे द्यावं. बाकीचं ज्याला हवं तो करेल."

बॅकअपचं शंभर टक्के मान्य. कानाला खडा. पण दुसऱ्या वाक्याशी माझं भांडण आहे. घरातल्या गॅसच्या शेगडीचं बटण आधी दाबावं लागतं, मगच फिरतं. का? कारण येता-जाता धक्का लागून गॅस सुरू होऊ नये. शेगडी करणाऱ्याने "ज्याला हवं तो सांभाळेल" असं म्हटलं नाही. धोक्याचं काम करता येतं, पण चुकून करता येत नाही. स्टँडर्ड लायब्ररीकडून माझी एवढीच अपेक्षा आहे. जुनं नष्ट करणारं काम मागितल्यावर मिळावं, न मागता मिळू नये.

आणि "ऑपरेटिंग सिस्टिम देते ते पुढे देतो" म्हणजे काय होतं ते बघायचं असेल तर 'रीनेम' बघा. 'क' नावाची फाईल आहे, तिला 'ख' असं नाव द्यायचंय, पण 'ख' आधीच हजर आहे. काय व्हावं? सी भाषेच्या स्टँडर्डने हात झटकले, म्हणे ज्याचं त्याने ठरवावं. पॉझिक्सने, म्हणजे युनिक्सच्या घराण्याने, ठरवलं की जुनी 'ख' गुपचूप जाईल आणि तिच्या जागी नवीन येईल. पायथनच्या रीनेमने दोन्ही जगं जशीच्या तशी पुढे दिली. तोच कोड, तीच ओळ, लिनक्सवर 'ख' न विचारता उडवणार आणि विंडोजवर एरर देणार. म्हणजे ज्याने विंडोजवर "एरर येईलच की" या भरवशावर लिहिलं त्याचा लिनक्सवर घात, आणि ज्याने लिनक्सवर "बदलून जाईल" असं धरलं त्याचा विंडोजवर खोळंबा.

२०१२ मध्ये पायथन ३.३ आलं, तेव्हा 'रिप्लेस' नावाचं वेगळं फंक्शन दिलं. ते दोन्हीकडे जुनी फाईल बदलतं. मला यातली बदललेली वागणूक आवडली त्याहून नाव जास्त आवडलं. रिप्लेस म्हटलं की वाचणाऱ्याला कळतं, इथे काहीतरी जाणार आहे. त्याच आवृत्तीत फाईल उघडायचा 'एक्स' मोडही आला. फाईल आधीच असेल तर उघडणारच नाही, एरर देईल. "आहे का बघ, नसेल तर बनव" असं दोन पायऱ्यांत करायला गेलं की मधल्या फटीत दुसराच कुणी फाईल बनवून मोकळा होतो. इथे ते एका पायरीत होतं. फक्त दुःख एवढंच की सुरक्षित गोष्ट मागावी लागते आणि धोक्याची गोष्ट आपोआप मिळते. शेगडी उलटी.

जावाची कथा आणखी मजेशीर. तिथलं जुनं 'रीनेम-टू' फंक्शन अपयशी झालं की नुसतं 'फॉल्स' परत करतं. का अपयशी झालं? सांगत नाही. परत आलेली किंमत न तपासता पुढे गेलात तर प्रोग्रॅम खुशाल पुढे चालतो, नाव काही बदललेलं नसतं. डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की परत आलेली किंमत नेहमी तपासा. जे नेहमी तपासायला हवं ते न तपासता पुढे जाताच का यावं? २०११ मध्ये जावा ७ मध्ये 'फाईल्स' या क्लासातलं 'मूव्ह' आलं आणि ही चूक सुधारली. समोर फाईल असेल तर एक्सेप्शन. बदलायचीच असेल तर तसं शब्दांत सांगा, 'रिप्लेस एक्झिस्टिंग'. अर्धवट अवस्था कुणाला दिसू नये असं हवं असेल तर 'अॅटॉमिक मूव्ह' मागा, आणि ते जमणार नसेल तर ते जमलंय असा आव न आणता एक्सेप्शन मिळेल. बाबांच्या कचेरीत चाललं असतं हे.

आता कुणी म्हणेल, मग टेम्पररी फाईलमध्ये लिहून नंतर रिप्लेस करायचं, एवढंच ना? त्यात काय मोठं? मलाही तसंच वाटायचं. पण 'लिहिलं' या शब्दातच गोम आहे. तुम्ही राईट म्हणता तेव्हा मजकूर आधी लायब्ररीच्या बफरमध्ये जातो, तिथून कर्नलच्या मेमरीत, आणि तिथून सवडीने डिस्कवर. मधेच लाईट गेली (आणि लाईट जाण्याचा अनुभव महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको) तर लिहिलेलं लिहिलेलं नसतं. खात्री हवी असेल तर 'एफसिंक' म्हणावं लागतं.

२००९ मध्ये लिनक्सची एक्सटी-४ फाईल सिस्टिम नवीन होती. ती मजकूर डिस्कवर टाकायला आधीच्यापेक्षा जास्त वेळ घ्यायची. मशिन अचानक बंद पडलं की लोकांच्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाईली शून्य बाइटच्या व्हायच्या. ते प्रोग्रॅम एकतर मी केलं तेच करत होते, रिकामी करून पुन्हा लिहायचं, किंवा टेम्पररी फाईल बनवून रीनेम करत होते पण एफसिंक न म्हणता. भांडण जुंपलं. फाईल सिस्टिमवाले म्हणाले, एफसिंकशिवाय आम्ही कसलंच वचन दिलेलं नाही. नियमाने बरोबर होतं. पण शेवटी त्यांनीच या दोन्ही सवयी ओळखून मजकूर लवकर डिस्कवर टाकायची सोय केली. कारण नियम बरोबर असला तरी फाईल रिकामी झालेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नसतो. हे मला आता चांगलंच कळतं.

हे फक्त माझ्यासारख्या सहा ओळीवाल्यांचं होतं असंही नाही. २०१४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी गिट, एसक्यूलाईट यांच्यासारखे ११ प्रोग्रॅम तपासले, मधेच मशिन बंद पडलं तर काय होतं या नजरेने. एकूण ६० दोष सापडले. २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांना कळलं की लिनक्सवर एफसिंक एकदा अपयशी झालं आणि पुन्हा केलं, तर दुसऱ्यांदा "झालं" असं उत्तर येऊ शकतं, मजकूर डिस्कवर गेलेला नसतानाही. वीसेक वर्षं तो कोड "पुन्हा करून बघू" या समजुतीवर चालला होता. आता पोस्टग्रेस एफसिंक अपयशी झालं की स्वतःच बंद पडतं आणि लॉगवरून पुन्हा उभं राहतं. डेटाबेस लिहिणाऱ्यांची ही गत, तर वडिलांच्या फाईलीतल्या स्पेस काढणाऱ्याने हे सगळं स्वतः बरोबर करावं ही अपेक्षा कुठल्या हिशेबाने? हे ज्ञान एकदाच, नीट, लायब्ररीत बसवलं पाहिजे.

काहींनी बसवलंय. अॅपलच्या फाउंडेशनमध्ये मजकूर फाईलीत लिहिण्याचं जे फंक्शन आहे, ते दोन गोष्टी सांगितल्याशिवाय चालतच नाही. अॅटॉमिक लिहू का? आणि एन्कोडिंग कुठलं? माझ्या सहा ओळींत नेमक्या याच दोन चुका होत्या! ग्नोमच्या जीलिबमधलं 'सेट कंटेंट्स' आधी टेम्पररी फाईलीत लिहितं आणि मग नाव बदलतं. क्यूटीमध्ये २०१३ पासून 'क्यूसेव्हफाईल' आहे. तुम्ही शेवटी 'कमिट' म्हणेपर्यंत जुनी फाईल जागची हलत नाही, मधे कुठेही चूक झाली तर कमिट नापास. नवीन नोंद होईपर्यंत जुनी नोंद हीच नोंद.

मग सगळीकडे 'डब्ल्यू' मोडच असा का करून टाकत नाही? शेजाऱ्याने हेच विचारलं, आणि इथे त्याचं म्हणणं मला ऐकावं लागलं. टेम्पररी फाईल म्हणजे क्षणभर दुप्पट जागा. ती त्याच फोल्डरमध्ये बनवावी लागते, कारण दुसऱ्या ड्राईव्हवरून नाव बदलून आणता येत नाही. त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी लागते. नवीन फाईलला जुनीचे मालक आणि परवानग्या आपोआप मिळत नाहीत. सिमलिंक असेल तर लिंकच बदलली जाते आणि मूळ फाईल तशीच राहते. आणि 'फाईल' म्हणून जे उघडलंय तो पाईप किंवा प्रिंटर असेल तर रीनेम कसलं करताय? उघडण्याचं मूलभूत फंक्शन साधंच असू दे. मान्य.

पण "ही पूर्ण फाईल या मजकुराने बदल" हे काम वेगळं आहे, आणि बहुतेक वेळा आपल्याला तेच करायचं असतं. त्याला वेगळं नाव हवं, ते प्रत्येक भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत हवं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते लिहायला सगळ्यात सोपं हवं. कारण घाईत माणूस सगळ्यात छोटी ओळ लिहितो. मी तेच केलं.

असो. मी माझी स्क्रिप्ट दुरुस्त केली. आता ती शेजारी टेम्पररी फाईल बनवते, यूटीएफ-८ मध्ये लिहिते, एफसिंक करते, मग रिप्लेस. सहाच्या वीस ओळी झाल्या. बाबांचं फोल्डर आता रोज रात्री दोन ठिकाणी कॉपी होतं, आणि फाईलीची तारखेसकट एकेक प्रत बाबा स्वतः ठेवतात. माझ्यावर त्यांचा विश्वास आहे, पण कारकुनाचा विश्वास आहे.

परवा त्यांनी दुष्काळाचं प्रकरण पुन्हा लिहून पाठवलं. खडी फोडायच्या कामावर आजीबरोबर गेलेला बारा वर्षांचा मुलगा, मिळालेली सुकडी, लाल मिलोच्या भाकरीचा वास. छान लिहिलंय. मी तसं फोनवर सांगितलं.

"बरं झालंय," बाबा म्हणाले. मग थोडं थांबून, "पण पहिल्यात आई काहीतरी बोलली होती बघ त्या मुकादमाला. ते वाक्य आता काही केल्या आठवत नाही."

मी काही बोललो नाही. चहा गार झालाय, उठतो. पुढच्या शनिवारी भेटू. तोवर तुमच्या कोडमध्ये 'डब्ल्यू' कुठे-कुठे आहे ते एकदा शोधा. आणि घरच्यांच्या फाईलींची कॉपी आजच काढा, उद्या नको.